वेगा ३१ : स्टेल्थ विमान सर्बियात पडलं कसं आणि का

२७ मार्च १९९९, शनिवारची रात्र. बेलग्रेडच्या पश्चिमेला स्रेम भागातल्या बुजानोवत्सी गावाजवळ शेतात अमेरिकेचं एक एफ-११७ नाइटहॉक, म्हणजे रडारला सहज न दिसणारं स्टेल्थ विमान, उलटं येऊन पडलं. सिरीयल नंबर ८२-०८०६, त्या रात्रीचा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) वेगा ३१, पायलट लेफ्टनंट कर्नल डेल झेल्को. शत्रूच्या माऱ्याने पडलेलं हे आजवरचं एकमेव एफ-११७ आहे. आणि ते पाडलं एस-१२५ नेवा नावाच्या सोव्हिएत मिसाइलने, जे १९६१ पासून वापरात होतं. हेच मिसाइल आपल्या एअर फोर्समध्ये पेचोरा नावाने कित्येक दशकं वापरलं गेलंय, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट जरा जास्तच आवडीने सांगितली जाते.

पण सांगताना दोनच टोकं ऐकू येतात. एक म्हणजे स्टेल्थ वगैरे सगळी अमेरिकेची जाहिरात होती, जुन्या रशियन रॉकेटने पितळ उघडं पाडलं. दुसरं म्हणजे सर्बियन कमांडरने रडारमध्ये काहीतरी गुप्त बदल केला आणि विमान स्क्रीनवर लख्ख दिसायला लागलं. मला दोन्ही पटत नाही, कारण त्या आधीच्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंनी काय केलं हे नीट बघितलं तर कारण फार साधं निघतं. एका बाजूला यशाची सवय लागलेली होती, दुसऱ्या बाजूला मरायची भीती आणि त्या भीतीतून आलेली कडक शिस्त होती. या दोन गोष्टी त्या रात्री एकाच ठिकाणी भेटल्या. आता सुरुवातीपासून सांगतो.

एफ-११७ च्या नावात एफ आहे म्हणजे फायटर, पण हे विमान हवेत कोणाशी लढूच शकत नव्हतं. तोफ नाही, हवेतून हवेत मारायचं मिसाइल नाही, स्वतःचं रडार नाही (रडार चालू केलं की आपणच ओरडून जागा सांगतो, म्हणून मुद्दाम ठेवलंच नाही), वेग आवाजापेक्षा कमी. पोटात साधारण ९००-९०० किलोचे दोन लेझर गायडेड बॉम्ब, एक माणूस, आणि रात्रीच उडायचं. दिसायला तर विचित्रच, सगळीकडे सपाट पत्रे कोनात जोडलेले, कुठेच गोलाई नाही. त्याचं कारण म्हणजे हे डिझाइन ७० च्या दशकातल्या कॉम्प्युटरवर झालं, त्या कॉम्प्युटरला गोलाईवरून रडारच्या लहरी कुठे कुठे जातील हे मोजणं झेपायचं नाही, सपाट पृष्ठभागाचं गणित मात्र जमायचं. गंमत म्हणजे त्या गणिताचा पाया एका सोव्हिएत शास्त्रज्ञाने घातला होता, प्योत्र उफिम्त्सेव्ह. त्याचं १९६२ चं संशोधन रशियन भाषेत उघड छापलं गेलं होतं, अमेरिकन एअर फोर्सने त्याचं भाषांतर करून घेतलं, आणि लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर नावाच्या इंजिनिअरने ते वाचून त्यावरून प्रोग्रॅम लिहिला. स्वतःच्या माणसाचं डोकं स्वतःच्या लष्कराला वापरता आलं नाही आणि समोरच्याने ते वापरून विमान बनवलं, हे मला या सगळ्या इतिहासात फार लागतं.

पहिलं उड्डाण १८ जून १९८१ ला, मग नेवाडाच्या वाळवंटात टोनोपाहला अत्यंत गुप्तपणे तुकडी उभी केली. पायलट सोमवारी जाणार, आठवडाभर रात्री उडणार, वीकेंडला घरी येणार आणि बायकोलासुद्धा काही सांगायचं नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये पेंटागॉनने एक अस्पष्ट फोटो दाखवून विमान असल्याचं मान्य केलं. एकूण ६४ बनली, त्यातली ५ चाचणीची आणि ५९ प्रॉडक्शनची. एकेकाची किंमत निव्वळ बनवण्याची धरली तरी चार कोटी डॉलरच्या वर, आणि संशोधनाचा खर्च वाटून धरला तर अकरा कोटींच्या पुढे.

आपलं ८२-०८०६ यातलंच. सिरीयलमधलं ८२ म्हणजे १९८२ च्या बजेटातून पैसे मिळालेलं विमान. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियाच्या खमीस मुशैत तळावरून जी एफ-११७ बगदादवर जायची त्यात हे होतं, आणि त्याचं टोपणनाव होतं समथिंग विकेड. त्या युद्धात या प्रकारच्या विमानांनी जवळपास १३०० उड्डाणं केली, बगदादभोवती त्या काळातलं अतिशय दाट विमानविरोधी जाळं होतं, आणि तरी एकाही विमानाला ओरखडासुद्धा नाही. झेल्को स्वतःसुद्धा त्या युद्धात एफ-११७ उडवून आलेला. म्हणजे १९९९ मध्ये विमान आणि पायलट दोघंही अनुभवी होते, नवखेपणाचा इथे काही संबंध नाही.

अपघातात मात्र ही विमानं गेली होती. प्रॉडक्शनचं पहिलंच विमान एप्रिल १९८२ मध्ये पहिल्याच टेकऑफला कोसळलं कारण कंट्रोलच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या, १९८६ आणि १९८७ मध्ये रात्रीच्या सरावात दोन पायलट गेले, १९९५ मध्ये आणखी एक, आणि सप्टेंबर १९९७ मध्ये मेरीलँडला एअर शोमध्ये लोकांसमोर हवेतच एकाचा पंख मोडला. हे सगळं होऊनसुद्धा शत्रूकडून एकही नाही, हा आकडा शून्यच राहिला होता. पहिल्या लढाईपासून म्हणजे पनामा, डिसेंबर १९८९, तिथपासून जवळजवळ दहा वर्षं शून्य. दहा वर्षं शून्य असला की माणसं त्याला नियम समजायला लागतात.

आता स्टेल्थ म्हणजे नेमकं काय हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विमानावर आदळून रडारकडे परत जाणारी ऊर्जा किती, यावर ते विमान किती लांबून दिसेल हे ठरतं, पण ते सरळ प्रमाणात नसतं, चौथ्या मुळाच्या प्रमाणात असतं. म्हणजे परत जाणारा सिग्नल १०,००० पट कमी केला तरी दिसण्याचं अंतर फक्त १० पट कमी होतं. जे रडार साध्या विमानाला १०० किलोमीटरवरून बघतं ते अशा विमानाला १० किलोमीटरवरून बघेल. बघणारच नाही असं नाही! अदृश्य हा शब्द पेपरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी लावला, पायलट आणि इंजिनिअर लोकांना पहिल्यापासून माहीत होतं की प्रत्येक रडारभोवतीचं वर्तुळ लहान होतं एवढंच. मग करायचं काय, तर नकाशावर शत्रूचं प्रत्येक माहीत असलेलं रडार मांडायचं, त्याच्याभोवतीचं लहान झालेलं वर्तुळ काढायचं आणि त्या वर्तुळांच्या मधल्या फटींतून रूट आखायचा. एफ-११७ चं सगळं मिशन प्लॅनिंग या एका कल्पनेवर उभं होतं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर वापरला जायचा. कोणत्या क्षणी कोणत्या दिशेला वळायचं, विमानाची कुठली बाजू कुठल्या रडारकडे असणार, सगळं आधी ठरलेलं.

यात एक गृहीतक लपलेलं आहे, ते म्हणजे रडार कुठे आहेत हे आपल्याला माहीत आहे. रडार जागेवरून हललं की नकाशा खोटा.

दुसरी गोष्ट लहरींच्या लांबीची. मिसाइल मारणारी फायर कंट्रोल रडारं काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात आणि एफ-११७ चे कोन त्यांना चुकवायला बनवलेले होते. पण जुनी लांब पल्ल्याची शोध रडारं, जसं सोव्हिएत पी-१८, ती साधारण दोन मीटर लांबीच्या लहरींवर चालतात. एवढ्या लांब लहरींना विमानाची शेपटी, पंखाची कड या गोष्टी साधारण स्वतःच्याच मापाच्या लागतात, मग ते कोन आणि ते रडार शोषणारं कोटिंग फारसं कामाचं राहत नाही. पण म्हणून पी-१८ ने विमान पाडता येतं असं नाही, कारण त्याची अचूकता फार ढोबळ. वाटेवरच्या माणसाला पत्ता विचारला आणि त्याने हात लांब करून तिकडे कुठेतरी सांगितलं, तेवढंच काम ते करतं. नेमकं घर शोधायला फायर कंट्रोल रडारच लागतं आणि त्याला एफ-११७ अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणजे पाडायचं असेल तर बॅटरी (मिसाइल, रडार आणि माणसं मिळून झालेली तुकडी) विमानाच्या वाटेखालीच पाहिजे, योग्य वेळी, योग्य दिशेला अँटेना करून. हे नशिबावर सोडलं तर महिनाभर वाट बघूनही होणार नाही. पण वाट आधीच माहीत असेल तर?

२४ मार्च १९९९ ला नाटोने युगोस्लाव्हियावर (सर्बिया हा त्याचाच मुख्य भाग होता) बॉम्बहल्ले सुरू केले. सर्बियाच्या कोसोवो प्रांतातल्या अल्बेनियन लोकांवर युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष मिलोसेविच याच्या फौजा करत असलेल्या अत्याचारांचं कारण होतं, फ्रान्समध्ये रांबुये इथे झालेल्या वाटाघाटी फिसकटल्या होत्या, आणि नाटोत बऱ्याच जणांचा अंदाज होता की दोन-चार दिवसांत मिलोसेविच नमेल. ते चाललं ७८ दिवस. एफ-११७ न्यू मेक्सिकोच्या हॉलमन तळावरून फेब्रुवारीतच इटलीत आवियानोला आलेली होती. आवियानो म्हणजे काही वाळवंटातला गुप्त तळ नाही, आजूबाजूला गावं, रस्ते, कुंपणाबाहेर कॅमेरे घेऊन उभे असलेले हौशी लोक. कुठलं विमान किती वाजता उठलं हे बाहेरून उघड दिसतं, आणि सर्बियाची माणसं तिथून ही माहिती कळवत होती असं सर्बियन बाजूने नंतर सांगितलं. तिथून बेलग्रेडला पोहोचायला किती वेळ लागतो हे हिशेबाने काढता येतं.

त्यात पहिल्या तीन रात्री एफ-११७ बऱ्याचदा त्याच त्या वाटांनी आत गेली आणि त्याच वाटांनी बाहेर आली. हा मुद्दा नंतर अमेरिकन बाजूनेही मान्य केला गेला. का केलं असं? एक कारण राजकीय मर्यादा, कुठल्या देशाच्या हवाई हद्दीतून जायचं, बाकी विमानांशी टक्कर नको, हवेत इंधन भरणारे टँकर कुठे, या सगळ्यातून वाटा मोजक्याच उरतात. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, काल ही वाट चालली होती, परवा चालली होती, मग आज का बदलायची. ज्यांनी बगदादवर १३०० वेळा जाऊन काही झालेलं बघितलं नाही त्यांना हा प्रश्न सुचणं अवघड जातं. मी त्या प्लॅनर लोकांना मूर्ख म्हणत नाहीये, ते हुशारच होते, पण त्यांचा अनुभव एका अशा शत्रूचा होता जो आपली रडारं एका जागी ठेवून भरपूर वेळ चालू ठेवायचा.

सर्बियातला शत्रू तसा नव्हता. २५० वी हवाई संरक्षण मिसाइल ब्रिगेड, तिसरी बॅटरी, कमांडर झोल्तान दानी, वंशाने हंगेरियन, उत्तर सर्बियातल्या व्हॉयव्होदिनातला माणूस. त्याने आखाती युद्धात इराकी बॅटऱ्यांचं काय झालं याचा अभ्यास केला होता. इराकी रडार चालू ठेवत राहिले, अमेरिकन हार्म मिसाइल रडारच्याच सिग्नलवर स्वार होऊन यायची आणि अँटेनासकट माणसं उडवायची. म्हणून दानीच्या बॅटरीत नियम असा की फायर कंट्रोल रडार एका वेळी जास्तीत जास्त वीसेक सेकंद चालू, जास्तीत जास्त दोनदा, टार्गेट मिळालं नाही तर बंद, सामान गुंडाळा आणि तिथून निघा. आणि सामान म्हणजे साधं नाही हो, एस-१२५ हे मुळात अर्ध-स्थिर प्रकरण आहे, लाँचर, रडार व्हॅन, जनरेटर, केबलची भेंडोळी, नियमाप्रमाणे ते हलवायला साधारण अडीच तास लागतात. या लोकांनी सराव करून करून ती वेळ दीड तासाच्या आसपास आणली. रेडिओवर शक्यतो बोलायचं नाही, लँडलाइन वापरायची नाहीतर माणूस पाठवायचा. जुन्या मिग विमानांमधून काढलेले रडार ट्रान्समीटर इकडे तिकडे ठेवून खोटे सिग्नल सोडायचे म्हणजे हार्म तिकडे जाईल.

पूर्ण ७८ दिवसांत त्या बॅटरीवर अनेक हार्म सोडली गेली आणि तरी त्यांची एकही रडार व्हॅन किंवा माणूस गेला नाही असं दानी सांगतो. मला विचाराल तर त्या रात्री विमान पाडण्यापेक्षा हे मोठं काम आहे. मिसाइलचं वय सगळे सांगतात, पण दीड तासात पूर्ण बॅटरी उचलणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या पोरांबद्दल कोणी बोलत नाही.

आता रडारमधल्या गुप्त बदलाविषयी. दानीने पी-१८ जरा आणखी खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणलं होतं असं तो म्हणतो, नेमकं काय केलं ते कधी पूर्ण उघड केलं नाही. त्याने फरक पडला असेल, मी नाही म्हणत नाही. पण पी-१८ मूळ स्थितीतसुद्धा मीटरच्याच लहरींवर चालतं, म्हणजे थोडंफार दिसणारच होतं. फायदा झाला तो एवढाच की पी-१८ ने आधी सांगितलं, या दिशेने काहीतरी येतंय, आणि फायर कंट्रोलवाल्यांना आकाश चाळत बसावं लागलं नाही.

त्या रात्री बॅटरी शिमानोवत्सी गावाजवळ होती, बेलग्रेडहून पश्चिमेला जाणाऱ्या हायवेपासून फार लांब नाही. हवामान खराब होतं, ढग होते, आणि नाटोची बरीचशी बाकी उड्डाणं त्या रात्री रद्द झाली होती. रडार जॅम करणारी, म्हणजे सिग्नल सोडून त्याला आंधळं करणारी, ईए-६बी प्रॉउलर विमानं एफ-११७ ला प्रत्यक्ष मदत होईल इतक्या जवळ नव्हती. दानीने पुढे सांगितलं की आपल्या आसपास रडार मारणारी विमानं नाहीत ही खबर त्याच्याकडे होती. झेल्कोने बेलग्रेडजवळच्या टार्गेटवर बॉम्ब टाकले आणि परत फिरला, उंची साधारण आठ किलोमीटर. पी-१८ वर वीस-पंचवीस किलोमीटरवर काहीतरी दिसलं. फायर कंट्रोल रडार चालू केलं, मिळालं नाही, बंद. परत चालू केलं, मिळालं नाही, बंद. नियमाप्रमाणे इथे सामान गुंडाळायचं होतं. दानीने नियम मोडला आणि तिसऱ्यांदा चालू करायला लावलं.

तिसऱ्यांदा मिळालं, साधारण १३ किलोमीटरवर. वरचं गणित आठवा, याच अंतरात ते दिसणार होतं आणि दिसलं. एस-१२५ चं मिसाइल स्वतः टार्गेट शोधत नाही, जमिनीवरून रेडिओने त्याला सांगावं लागतं आता इकडे वळ आता तिकडे वळ, त्यामुळे टार्गेट स्क्रीनवर धरून ठेवणं हे ऑपरेटरचं काम, आणि सिग्नल कमजोर असेल तर ते हाताने चाक फिरवत धरून ठेवावं लागतं. ते काम द्रागान मातिच नावाच्या ऑपरेटरने केलं, मिसाइल सोडली सेनाद मुमिनोविच या अधिकाऱ्याने. दोन सोडली. झेल्कोने ढगांतून वर येणारे दोन ठिपके बघितले. पहिलं त्याच्या इतक्या जवळून गेलं की विमान हादरलं, पण फुटलं नाही. दुसरं जवळ येऊन फुटलं. विमान उलटंपालटं झालं, उलट्या दिशेच्या प्रचंड जोरामुळे तो सीटवरून वर ओढला गेला, पट्ट्यांवर लटकत कसंबसं इजेक्शनचं हँडल ओढलं. पॅराशूटवर असतानाच त्याने रेडिओ काढून मदत मागितली, जे शिकवलेल्या पद्धतीत बसत नाही, पण खाली पोहोचल्यावर बोलायला मिळेल का याची त्याला खात्री नव्हती.

तो रूमा गावाच्या दक्षिणेला उतरला, हायवेपासून जेमतेम दीडेक किलोमीटरवर, आणि शेतातल्या पाण्याच्या चरात जाऊन पडून राहिला. सर्बियन सैनिक, पोलिस, गावकरी, कुत्री, सगळे शोधत होते, काही वेळा अगदी शे-दोनशे मीटरवर. जवळजवळ आठ तासांनी बोस्नियातून आलेल्या हेलिकॉप्टरनी त्याला उचललं. मी त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की इतक्या वेळात त्याने रेडिओवर फार कमी आणि फार नेमकं बोलून स्वतःला वाचवलं, कारण त्याच्या प्रत्येक शब्दावर त्याचा ठावठिकाणा काढायला समोरचे बसलेलेच होते.

सकाळी टीव्हीवर जगाने बघितलं, शेतात पडलेला काळा पंख, त्यावर नाचणारी गावातली म्हातारी, आणि कॅनॉपीच्या (पायलटच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या) कडेवर लिहिलेलं पायलटचं नाव. ते नाव झेल्कोचं नव्हतं! अमेरिकन एअर फोर्समध्ये विमानावर एका नेमलेल्या पायलटचं नाव रंगवतात पण त्या दिवशी उडवणारा दुसराच कोणी असू शकतो, त्यामुळे पहिले काही तास जगभर चुकीच्या माणसाचं नाव फिरलं. त्या माणसाच्या घरच्यांचं काय झालं असेल त्या काही तासांत, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बेलग्रेडमध्ये लगेच पोस्टर निघाली, सॉरी, अदृश्य आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. पडलेल्या विमानाचे अवशेष बॉम्ब टाकून नष्ट करावेत असं अमेरिकेत काही जणांचं म्हणणं होतं, पण तोवर तिथे गावकरी आणि कॅमेरे पोहोचले होते आणि ते झालं नाही.

आता कारणांचं वजन करायचं तर मी असं लावतो. सगळ्यात वर एकच वाट आणि एकच वेळ, हे नसतं तर बाकी काहीच जुळलं नसतं. त्यानंतर रडारची जागा बदललेली, म्हणजे झेल्कोच्या नकाशात शिमानोवत्सीला वर्तुळच नव्हतं. त्यानंतर जॅमिंगचा आधार नसणं, कारण दहा वर्षांच्या शून्यामुळे या विमानाला सोबत लागतेच असं कोणी ठासून सांगत नव्हतं, आणि जॅमिंग असतं तर त्या तिसऱ्या वीस सेकंदांत मातिचच्या स्क्रीनवर काही धरता आलं असतं का याची शंका आहे. पी-१८ मधला बदल त्याच्या खाली. आणि बॉम्ब टाकायला पोटाचे दरवाजे उघडले तेव्हा विमान रडारवर चमकलं हे जे दानीनेच एका मुलाखतीत सांगितलं, ते मला सगळ्यात कमी पटतं, कारण झेल्कोच्या सांगण्याप्रमाणे बॉम्ब टाकून तो परतीच्या वाटेला लागला होता आणि दरवाजे उघडे राहतात काही सेकंदच.

दानीने तिसऱ्यांदा रडार चालू केलं याला काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बॅटरी जिवंत राहिली ती त्या नियमामुळे, आणि विमान पडलं ते तो नियम मोडल्यामुळे. आकाशात हार्मवाली विमानं नाहीत ही खबर खोटी निघाली असती तर आज आपण त्या व्हॅनमधल्या सगळ्यांची नावं मृतांच्या यादीत वाचत असतो. खबर पक्की आहे म्हणून घेतलेला तो हिशेबी धोका होता, की आधीच्या तीन रात्रींत साचलेला राग, की दोन्ही? त्या बॅटरीत श्रेयावरून पुढे वादही झाला, त्याच बॅटरीतला अधिकारी जॉर्जे आनिचिच याने आपली वेगळी बाजू मांडली आणि दानीच्या एकट्याच्या नावावर गोष्ट जाऊ नये असं म्हटलं. व्हॅनमध्ये इतकी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, प्रत्येकाच्या हातात वेगळं काम, तिथे एकच हिरो काढायला जाणं मलाही चुकीचं वाटतं.

नाटोने काय शिकलं? वाटा आणि वेळा बदलल्या, एफ-११७ बरोबर जॅमिंगचा बंदोबस्त असेल हे जास्त काटेकोरपणे बघितलं जाऊ लागलं. पण त्याच ब्रिगेडच्या त्याच बॅटरीने २ मे ला एक एफ-१६ सुद्धा पाडलं, त्याचा पायलट डेव्हिड गोल्डफिन, स्क्वाड्रनचा कमांडर, तोही इजेक्ट होऊन वाचला आणि पुढे २०१६ मध्ये अमेरिकन एअर फोर्सचा प्रमुख झाला. ३८,००० उड्डाणांत नाटोची माणसं बसलेली दोनच विमानं पाडली गेली आणि दोन्ही या एका बॅटरीने. म्हणून स्टेल्थचं पितळ उघडं पडलं म्हणणाऱ्यांना मी विचारतो की एफ-१६ तर स्टेल्थ नव्हतं, मग सर्बियाने अशी ढिगाने का पाडली नाहीत? सर्बियाकडे अशा बऱ्याच बॅटऱ्या होत्या, मिसाइल तीच, रडार तीच. दुसऱ्या बॅटऱ्यांना एवढं जमलं नाही.

८२-०८०६ चे तुकडे रशियाला आणि चीनला गेले असं बरंच छापून आलं, चीनच्या जे-२० या स्टेल्थ विमानाचा संबंधही लोक इथेच जोडतात. तुकडे गेले असतील यात नवल नाही, पण १९९९ पर्यंत ते डिझाइन वीस वर्षं जुनं झालं होतं, सपाट पत्र्यांचं गणित कोणीच पुढे वापरलं नाही, अमेरिकेच्या बी-२ बॉम्बरपासूनच गोलाईवालं स्टेल्थ आलं होतं. हाती लागण्यासारखं काही असेल तर ते कोटिंग आणि पत्र्यांच्या जोडांची पद्धत. उरलेली एफ-११७ इराकवर २००३ मध्ये परत गेली आणि २००८ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाली, जरी त्यानंतरही काही टोनोपाहच्या आसपास उडताना दिसत आलीयत. पडलेल्याचा पंख आणि कॅनॉपी बेलग्रेडच्या विमानतळाला लागून असलेल्या हवाई संग्रहालयात आहेत.

दानी लष्करातून निवृत्त होऊन आपल्या स्कोरेनोवात्स गावात बेकरी चालवायला लागला. झेल्कोला कळलं की आपल्याला पाडणारा माणूस जिवंत आहे आणि पाव भाजतो, तेव्हा त्याला भेटायचं मनात आलं. एका सर्बियन माहितीपटकाराने दोघांची गाठ घालून दिली आणि २०११ मध्ये झेल्को सर्बियात दानीच्या घरी गेला, पुढे दानी आपल्या कुटुंबासह अमेरिकेत त्याच्याकडे जाऊन आला. दोघांनीही एकमेकांची माफी मागितली नाही किंवा दुसऱ्याला मागायला लावली नाही, आपापलं काम केलं होतं हे दोघांना मान्य होतं. त्या ७८ दिवसांत ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले आणि कोसोवोत ज्यांना घराबाहेर काढून मारलं गेलं, त्या लोकांच्या बाबतीत असं कोणी कोणाच्या घरी जेवायला गेल्याचं मी फारसं वाचलेलं नाही.